रिकाम्या नावांचा घाट

फार पूर्वी अचिरवती नदीच्या काठी शंखपूर नावाचे नगर होते. तेथे सुतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमक. वडिलांच्या मागे तो घाटाचा मुख्य झाला. घाटावरच्या सगळ्या नावा त्याच्या शब्दावर सुटत.

नगर नदीच्या एका काठावर होते. गवळ्यांची आणि कुंभारांची खेडी पलीकडे होती. नदी पार करायला माणशी एक कवडी पडे. नाव भरल्याशिवाय सोडायची नाही, असा घाटाचा जुना रिवाज होता. लोक वाट पाहत, कुरकुरत, पण पोचत.

एकदा राजा नदीकाठी आला असताना एक म्हातारा डोक्यावर गाठोडे घेऊन पाण्यात उतरला. कवडी नव्हती म्हणून तो पायीच निघाला होता. पाणी छातीला लागले आणि त्याचा तोल गेला. सोमकाने उडी घालून त्याला बाहेर काढले. ते पाहून राजा कळवळला. त्याने आज्ञा केली, "आजपासून या घाटावर कुणाकडून काही घ्यायचे नाही. प्रत्येक फेरीला नावाड्याला माझ्या कोठारातून मापटेभर तांदूळ मिळेल."

घाटावर राजाचा पहारेकरी बसला. नाव काठाला लागली की तो त्या नावाड्याच्या मडक्यात खडा टाकी. संध्याकाळी खडे पाहून तांदूळ दिला जाई.

आरंभी सगळे चांगले चालले. नाव भरायची वाट पाहावी लागत नव्हती. लोक राजाला दुवा देत. मग सोमकाचा पुतण्या कुंडल याच्या ध्यानात एक गोष्ट आली. रिकामी नाव हलकी चालते. माणसे चढवायची, म्हातारी धरून उतरवायची, शेळ्या, पोरे, घागरी सांभाळायच्या, यात वेळ जातो. तेवढ्यात एक फेरी जास्त होते. त्याने माणसे घेणे सोडले. बाकीच्यांनी ते पाहिले. पाऊसकाळ संपेपर्यंत घाटाची रीतच बदलली. काठावर माणसे ताटकळत उभी असत आणि नदीत रिकाम्या नावा भराभर ये-जा करीत. राजाचा तांदूळ मात्र पूर्वी कधी गेला नव्हता इतका जाऊ लागला.

पलीकडच्या काठावर कर्णिका नावाची विधवा राहत होती. तिच्याजवळ एक म्हैस होती. सकाळचे दूध नगरात विकून ती पोट भरी. आता तिचे दूध घाटावरच उन्हात नासू लागले.

एक दिवस तिने कुंडलाला गाठले.

"अरे कुंडला, नदीला नवस बोललास का? नुसत्या प्रदक्षिणा चालल्यात तुझ्या!"

कुंडल हसला. "मावशी, तुझ्या घागरी चढवायच्या, जपून उतरवायच्या. तेवढ्यात माझा एक खडा बुडतो."

"आणि माझे दूध नासते ते?"

"दही लाव," असे म्हणून त्याने नाव लोटली.

कर्णिका तेथेच बसून राहिली. दुपारी सोमक पलीकडे आला तेव्हा तिने नासलेल्या दुधाची घागर त्याच्यापुढे ठेवली.

"दादा, वास घे. येत्या पौर्णिमेच्या बाजारात मी म्हैस विकते आहे. गिऱ्हाईक ठरले. पुढे कुणाच्या तरी घरी भांडी घाशीन. तू कवडी घेत होतास तेव्हा तुला माझी गरज होती. आता फुकट नेतोस, तर मी नुसते ओझे झाले."

सोमकाने घागरीचा वास घेतला. तो घरी गेला. घरात तांदळाच्या गोण्या आढ्याला टेकल्या होत्या. त्याच्या नावांवरचे गडीही रिकामेच वल्हवीत होते. त्याने कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने हुकूम केला की एकही नाव रिकामी सुटता कामा नये. नावाड्यांनी हुकूम पाळला. कुणी नावेत एक बोकड बांधला. कुंडलाने आपल्या सासऱ्याला बसवले. म्हातारा विडा चघळत दिवसभर या काठावरून त्या काठावर जाई आणि परत येई. त्याला कुठेच जायचे नव्हते. "हवा छान लागते," असे तो सांगे. कर्णिका काठावरच राहिली.

ते पाहून सोमकाला हसू आले आणि उमगलेही. राजा नाव हलल्याबद्दल तांदूळ देतो, म्हणून नाव हलते. माणूस पोचल्याबद्दल दिला, तर माणूस पोचेल. यात नावाड्यांना शिव्या देऊन उपयोग नाही.

त्याने नावाड्यांना बोलावले आणि आपण राजाकडे जात असल्याचे सांगितले. गलका झाला.

कुंडल म्हणाला, "काका, आमच्या ताटात माती कशाला? तुमच्या घरीही तांदूळ आलाच की."

"आला. म्हणून मीच जायला हवे."

"गेलात तर घाटाचे मुख्यपण राहणार नाही."

"तुला हवे असेल तर तू घे," सोमक म्हणाला आणि निघाला.

राजसभेत त्याने काही न लपवता सगळे सांगितले. बोकड आणि सासराही सांगितला. कोठाराचा अधिकारी लगेच म्हणाला, "महाराज, हे दान बंद करा. लोक कवडी देत होते तेच बरे होते."

राजाचा चेहरा उतरला. "म्हणजे तो म्हातारा पुन्हा पाण्यात उतरेल."

सोमक म्हणाला, "दान बंद करू नका, महाराज. हात बदला. तांदूळ नावेला देऊ नका. गरिबाच्या घरी मातीच्या मुद्रा द्या. पलीकडे पाय ठेवल्यावर त्याने एक मुद्रा नावाड्याला द्यावी, आधी नाही. नावाड्याने ती कोठारात दाखवून तांदूळ न्यावा. ज्यांच्या गाड्या आहेत, माल आहे, ते आपल्या गाठीची कवडी देतील. त्यांचे ओझे कोठाराने का वाहावे?"

"आणि रिकाम्या नावेला?"

"काही नाही. फक्त दुपारी माणसे थोडी असतात. नाव भरायची म्हटले तर आजारी माणूस संध्याकाळपर्यंत काठावर पडून राहील. दुपारी काठावरच्या झाडाची सावली घाटाच्या पायरीला लागली की एक नाव कोठाराच्या खर्चाने सुटू द्या. रिकामी असली तरी."

राजा हसला. "रिकाम्या नावांची तक्रार घेऊन आलास आणि रिकामी नावच मागतोस?"

"ती माणसांची वाट पाहून सुटेल, महाराज. आताच्या वाट न पाहता सुटतात."

 राजाने विचारले, "यात तुझा तांदूळ किती कमी होईल?"

"निम्म्याहून अधिक जाईल."

"मग तू का आलास?"

"घाट माझा आहे," सोमक म्हणाला. "त्या घाटावर बाईचे दूध नासते. ते मला शोभत नाही."

राजाने तसेच केले. पौर्णिमेच्या आत खेड्यांत मुद्रा वाटल्या गेल्या. नावाड्यांनी बोलल्याप्रमाणे सोमकाचे मुख्यपण काढून कुंडलाला दिले. सोमकाने हुज्जत घातली नाही. त्याने आपले वल्हे घेतले आणि इतरांसारखा नावेत बसला. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

पौर्णिमेच्या सकाळी कर्णिका घाटावर आली. एका हातात म्हशीचे दावे होते आणि डोक्यावर दुधाची घागर होती. तिला पाहताच नावाडी ओरडू लागले.

"मावशी, इकडे!"

"माझी नाव कोरडी आहे, मावशी!"

कुंडल सगळ्यांच्या पुढे धावला. त्याने घागर तिच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"अरे, हळू! सांडशील," कर्णिका म्हणाली. "आज खडा बुडत नाही का तुझा?"

"चढ ना, मावशी. किती बोलतेस!" तो म्हणाला. "आणि म्हैस?"

कर्णिकेने भरत चाललेल्या नावा पाहिल्या. नगराच्या काठावर उतरणारी माणसे पाहिली. मग तिने म्हशीचे दावे काठावरच्या झाडाला बांधले आणि एकटीच नावेत चढली.

दूध नगरात पोचले तेव्हा अजून कोमट होते. म्हशीचे गिऱ्हाईक बाजारात वाट पाहत उभे होते. तिने त्याला दूध विकले.

ही पूर्वजन्मीची हकीकत संपवून शास्ते भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "तो सुतेज राजा आज माझा शिष्य आनंद झाला आहे. त्याचे मन तेव्हाही असेच मऊ होते. कर्णिका ही आपल्या विहाराला रोज दूध देणारी उपासिका आहे. कुंडल याच सभेत बसला आहे. आता तो सुधारला आहे, म्हणून त्याचे नाव घेत नाही. घाटाचा सोमक मी होतो. राजाचे ते दान होते आणि दान थोर आहे. पण दिलेले कुणाच्या हाती पोचते हे पाहणे, आणि त्यात आपले गेले तरी ते बोलून दाखवणे, यालाच प्रज्ञा म्हणतात. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता, पाळली."