हुक्क्यावरची कोरडी नदी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे हुक्का ओढत आणि प्रजा धूर सोसत असे.

अशाच एका राजाला बागेची भारी हौस. त्यानं नदीला बांध घातला आणि सगळं पाणी आपल्या कारंज्यांकडे वळवलं. खाली कारागिरांच्या वस्तीतल्या विहिरी आटल्या. लोक गाऱ्हाणं घेऊन गेले, तेव्हा राजा म्हणाला, "कारंजी बघायला या. डोळे निवतील." डोळे निवले म्हणून घसा ओला होत नाही, हे त्याला सांगणार कोण?

सणाला शेजारचे राजे येणार होते. त्यांच्यापुढे मिरवायला राजाला हुक्क्याचं पाणी भरायचं नवं भांडं हवं होतं. त्यावर बाग, कारंजी आणि जयजयकार करणारी प्रजा कोरायची होती. काम जैनबबीकडे आलं. नवऱ्यामागे तिनं कोरायची टाकी हाती घेतली होती, आणि तिच्या नक्षीला राज्यात तोड नव्हती. तिच्याही घरचा रांजण पालथा पडला होता.

हे काम मोठं गमतीचं. जस्ताच्या भांड्यावर नक्षी कोरायची, खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची आणि भांडं घासून गुळगुळीत करायचं. तेव्हा जस्त आणि चांदी दोन्ही पांढुरकी, त्यामुळे नक्षी दिसतच नाही. शेवटी किल्ल्याच्या जुन्या भिंतीतली माती नवसागर घालून चोळली, की जस्त काळंभोर होतं आणि चांदी उठून दिसते. ती माती आधी जिभेवर ठेवून पारखायची, ही कारागिरांची रीत.

घासलेलं भांडं बघायला राजा आला. त्याला काही दिसलं नाही, पण तसं म्हणणं राजाला शोभतं का? त्यानं मान डोलावली. प्रधान तर म्हणाला, "कारंजी हुबेहूब, महाराज." जैनबबीला कुणी काही विचारलं नाही.

सणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर आणि जयजयकाराला बोलावलेल्या कारागिरांसमोर तिनं मातीची चिमूट जिभेवर ठेवली, मान हलवली आणि माती चोळली. भांडं काळं झालं. चांदीत उमटली भेगाळलेली नदी, कोरडी विहीर आणि रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बाया.

राजा लालबुंद झाला. "वितळवा हे. बाई, दुसरं घडव, नाहीतर हात तोडीन."

"हात तोडा, सरकार," जैनबबी म्हणाली. "पण हात आहेत तोवर जे दिसतं तेच कोरीन."

मागून एक म्हातारा कारागीर उठला. "मला सांगाल तर माझ्याही हातून हेच उमटेल." मग दुसरा उठला, तिसरा उठला, अख्खी आळी उभी राहिली.

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या राजानं आपल्यापुढच्या हुक्क्याची नळी बाजूला सारली. "या भांड्यात कुणाच्या घशातलं पाणी भरणार आहात?" तो म्हणाला. "मला तुमचा हुक्का नको."

कारागीर राजाच्या उत्तरासाठी थांबले नाहीत. हातोडे घेऊन ते थेट बांधावर गेले. शिपायांना अडवण्याचा हुकूम होता, पण त्यांचीही घरं त्याच वस्तीत होती. त्यांनी भाले खाली ठेवले आणि दगड उपसायला हात लावला.

संध्याकाळी विहिरींना पाणी आलं. जैनबबीनं रांजण उलटून सरळ ठेवला आणि काठोकाठ भरला.

तात्पर्य: एकानं ताठ मानेनं खरं दाखवलं, की बाकीच्यांच्याही माना वर होतात.