मैनांनी ठेवलेलं नाव

ऐका हं, पण मधेमधे "मग काय झालं" असं विचारायचं नाही. मी सांगणारच आहे.

हिरव्याजांभळ्या डोंगराच्या पायथ्याशी, रानाच्या अगदी कडेला, एक इवलंसं घर होतं. तिथे सगुणा नावाची चिमुरडी राहायची. आईबाप नव्हते बिचारीला. मामाने सांभाळलं, भाकरी दिली, फाटकी का होईना गोधडी दिली. पण नावाने हाक कधी मारली नाही. "ए पोरी, पाणी आण." "ए पोरी, चूल पेटव." आसपास दुसरं घर नव्हतं, मैत्रीण नव्हती. कधीकधी सगुणाला वाटायचं, आपलं नाव आपणच विसरून जाऊ. मग ती विहिरीत वाकून स्वतःलाच हाक मारायची. विहीर "णा... णा..." एवढंच म्हणायची आणि गप्प व्हायची.

मामा रानातल्या डोंगरी मैना धरायचा. काय देखण्या असतात त्या! काळीभोर चकचकीत पिसं, केशरी चोच आणि कानामागे पिवळ्याधमक मखमलीची झालर. मामा उंबराच्या फांदीला फणसाचा चीक फासायचा. उंबरं खायला आलेली मैना त्यात अडकली, की चालली पिंजऱ्यात. तिला बोलायला शिकवायचं काम सगुणाचं. कारण मैना न्यायला बाबलशेट यायचा, आणि त्याला फक्त बोलक्या मैनाच हव्या असायच्या. खोक्यात कोंबून, बोटीतून समुद्रापार नेऊन तो त्या विकायचा. रानातली मैना विकायला बंदी आहे बरं का! म्हणूनच तर सगळं चोरून चालायचं मेल्याचं.

आणि सगुणाने मैनांना काय शिकवलं असेल? "सगुणा, ये गं!" बस्स, एवढंच. दिवसभर अंगणातल्या पिंजऱ्यांतून हाका यायच्या, "सगुणा, ये गं! सगुणा, ये गं!" तेवढा वेळ तिला एकटं वाटायचं नाही.

एके दिवशी मामा म्हणाला, "ए पोरी, उद्या शेट येतोय. मैनांना नीट खाऊ घाल. निम्म्या तर बोटीतच मरतात, निदान इथून तरी धडधाकट जाऊ देत."

"मरतात?" सगुणाच्या हातातली वाटी खाली पडली. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

डोळे पुसत ती रानात उंबरं वेचायला गेली. संध्याकाळचं सोनेरी ऊन पानापानांवर सांडलं होतं. आणि बघते तर काय, चीक लावलेल्या फांदीवर एक इटुकली परी अडकलेली! पंख मोरपिशी, झगा लिंबोळीसारखा पिवळा, आणि सगळा नुसता चिकचिकाट. परी मुसमुसत होती.

"रडू नको गं," सगुणा म्हणाली. तिने डोक्याला चोपडलेलं खोबरेल बोटांवर घेतलं आणि हलक्या हाताने एकेक पंख सोडवला. तेलाने चीक सुटतो, हे तिला ठाऊक होतं.

परी फुर्रकन उडाली, गोल गिरकी घेऊन परत आली. "गुणाची गं माझी! माग काहीतरी. पण नीट ऐक हं. इच्छा एकच. एकदा बोललीस की परत फिरायची नाही. आणि लोखंडाला मला शिवता येत नाही, तेव्हा पिंजरा उघड म्हणू नकोस."

सगुणाला काय हवं होतं, ते तुम्हाला कळलंच असेल. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, "मला कायम कुणीतरी नावाने हाक मारू दे." तेवढ्यात घराकडून आवाज आला, "सगुणा, ये गं!"

तिचा जीव कासावीस झाला. पिंजरे आपण उघडले, तर मामा उद्या पुन्हा चीक लावील. मैना बोलतात तोवर शेट येतच राहील. सगुणाने डोळे घट्ट मिटले.

"या रानातल्या सगळ्या मैनांना माणसांची बोली विसरू दे."

"अगं, मग तुझं नावही विसरतील!"

"माहीत आहे," सगुणा म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

परीने पंख झटकले. घराकडून येणाऱ्या हाका थांबल्या.

सकाळी बाबलशेट आला. पिंजऱ्यांपुढे वाकला, चुटक्या वाजवल्या, "बोल मैना, बोल!" म्हणून घसा कोरडा केला. मैना आपल्या टुकुटुकु बघतायत!

"मुक्या पाखरांना काय चुलीत घालू?" असं चरफडत तो जो गेला, तो पुन्हा आला नाही. मामाने कपाळाला हात लावला. "ए पोरी, सोडून दे सगळ्या. दाणे कुठून घालू एवढ्यांना?"

सगुणाने एकेक दार उघडलं. मैना भुर्रकन उडाल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. अंगण इतकं शांत झालं की सगुणाला तिथे बसवेना. ती उंबराखाली जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसली.

"वेडाबाई," कानाशी परी कुजबुजली, "स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस. आता मीच तुला माझ्या मनाने काहीतरी देते." तिने सगुणाच्या कपाळाला हळूच हात लावला. परीभोवती पिवळा, केशरी, मोरपिशी उजेड फुलला. उंबराचं पान न् पान लखलखलं, आणि त्या उजेडात परी विरून गेली.

सगुणा घागर घेऊन विहिरीकडे निघाली. तोच वरून एक शीळ आली, लांब, गोड, शेवटी हलकेच वर चढणारी. सगुणा थांबली. शीळ थांबली. ती चालू लागली, तशी दुसऱ्या झाडावरून तीच शीळ, मग तिसऱ्या! मामा अंगणात आला, तेव्हा त्याच्यासाठी मात्र एकाही मैनेने शीळ घातली नाही.

मामा बराच वेळ कान देऊन उभा होता. कितीतरी वर्षं त्याने मैना धरल्या होत्या. त्यांची प्रत्येक शीळ त्याला पाठ होती. ही नवी होती. मैनांनी आपल्या बोलीत सगुणाचं नाव ठेवलं होतं.

त्याने चिकाचं मडकं उकिरड्यावर रिकामं केलं. घसा खाकरला. मग आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला,

"सगुणा, तुला बोलावतायत गं."