चुलीला बांधलेली वाघाटी

एका राज्यात विक्रांतध्वज नावाचा राजा होता, आणि त्याला मांजर हवं होतं. साधंसुधं नव्हे! वाघाटी या रानमांजरीसारखं ठिपकेदार, पण मांडीवर निजणारं. राजहट्टच तो, त्यापुढे कुणाचं काय चालणार? गुंजानाथ मांत्रिकाने रानातून वाघाटी धरून आणली आणि वाड्यातल्या बोक्याशी तिची जोडी लावली.

त्या राज्याची रीत अशी, की नवं मांजर आणलं की चुलीभोवती तीनदा फिरवायचं. मग ते घर सोडत नाही. या शहाण्यांनी वाघाटीलाही फिरवलं. तिला पळता येईना, अन्न गोड लागेना. पिल्लं झाली आणि ती चुलीपाशीच दगड झाली. दगड होता होता म्हणाली, "राजा, माझी लेकरं ना घरची ना रानची. तुझी लेकही तशीच होईल."

तसंच झालं. राजकन्या सौदामिनीच्या जवळ जाईल त्याला हुडहुडी भरे. दाई लांब दांड्याच्या पळीने तिला भरवी. आईबाप उंबऱ्याबाहेरून बोलत. रानात गेली तर पाखरं भुर्रकन उडून जात. फार एकटी होती बिचारी.

वाघाटीच्या पिल्लांतल्या बोक्यांचा वंश वाढला नाही, बाकीची झुरून मेली. ठिपकी नावाची एकच उरली. शापातली ती, म्हातारी होत नसे. तिला राजकन्येपाशी थंडी वाजत नसे. मांडीत येऊन खुशाल घुरघुरे. सौदामिनीला ऊब ठाऊक होती ती तेवढीच.

एके दिवशी खिडकीत पिंगळा, इवलंसं घुबड, येऊन बसला. तो उडाला नाही.

"राजकन्ये, शाप उतरवायचा आहे?"

"आहे."

"कामं तीन. वाघाटी रानात जिथे पाणी पीत असे, त्या झऱ्याचं पाणी आण. त्याने चूल विझव आणि दगड उचलून उलटे फेरे घाल. तिसरं मग सांगेन."

सौदामिनी एकटीच गेली. वाटेत बोलायला कोणी नव्हतं, म्हणून स्वतःशीच बोलत गेली. पाणी आणलं, चूल विझवली, जड दगड पोटाशी धरून उलटी फिरली. दगड ऊन झाला, त्याला केस फुटले आणि वाघाटी उठून उभी राहिली. गुंजानाथ आपले सगळे मंत्र तिथल्या तिथे विसरला.

"आणि तिसरं?" सौदामिनीने पिंगळ्याला विचारलं.

"तिचं लेकरू तिला दे."

"मग माझ्यापाशी कोण राहील?"

"ते मला ठाऊक नाही," पिंगळा म्हणाला.

सौदामिनीने खाली बसून ठिपकीला मांडीत घट्ट धरलं. वाघाटी दारात थांबली होती. तिने हलकेच साद घातली. ठिपकीची घुरघुर थांबली, कान वळले. मांडीतून मात्र ती हलली नाही. सौदामिनीने डोळे मिटले आणि हात सैल केले.

"जा बाई."

मायलेकी रानाकडे गेल्या आणि रानाने दोघींना घेतलं. राजाने दवंडी पिटवली, की रानचा जीव कुणी चुलीला बांधायचा नाही. राणी धावत आली. तिला हुडहुडी भरली नाही. जन्मात पहिल्यांदा तिने लेकीला कवटाळलं.

"बाळ, आता आम्ही सगळे आहोत ना."

"आहात," सौदामिनी रडत म्हणाली, "पण मला ठिपकी हवी होती गं."

राणी लेकीला मिठीत घेऊन तशीच बसून राहिली.