डावी मूठ

“पण ती शेवटची चकती बंद करता येते की नाही, एवढंच सांगा ना, चाचा?”

बाबालालचाचा एका ट्यूबला कानस घासत होते. ती ट्यूब माझी होती, म्हणून पुढचं सगळं मला ऐकायला मिळालं.

चिरेघाट जिथं सुरू होतो, त्या उंबरफाट्यावर चाचांचं सायकलचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक आंबा. चाचांचं वय पंच्याहत्तर. दिवसाकाठी वीस-पंचवीस वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी दुकानातल्या बकरीशी.

विचारणारा होता शिवदास कोंडे. इथल्याच हरिबा पाववाल्यांचा मुलगा. आता पुण्यात इंजिनिअर आहे. सोबत तीन महिन्यांपूर्वी घेतलेली माउंटन बाइक होती, जाड टायरची, काळी, आणि इतकी हलकी की चाचांच्या बकरीनंही पाडली असती.

त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक दातेरी चकती काढली आणि फळीवर ठेवली.

“पुढची बत्तीस दात्यांची काढायची, ही छत्तीसची घालायची. आणि मागची सगळ्यात मोठी बंद करायची. तिथला स्क्रू दोन फेरे आत घेतला की चेन तिच्यावर चढतच नाही. मी वाचलंय.”

“वाचलंयस तर कर की.”

शिवदासनं चकती चाचांच्या दिशेनं सरकवली.

ज्यांना सायकलीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढची चकती मोठी झाली की पायडल जड होतं. मागची मोठी लागली की हलकं होतं. म्हणजे या गृहस्थाला दोन्हीकडून जड हवं होतं.

“पुण्यातला मेकॅनिक हसला मला,” तो म्हणाला. “म्हणाला, लोक सोपा गिअर बसवून घ्यायला येतात, तुम्ही काढून घ्यायला आलात.”

“कशापायी काढायचाय?”

“घाटासाठी.”

चाचांनी कानस खाली ठेवली. घाटासाठी कुणी गिअर जड करून मागितल्याचं त्यांच्याही ऐकण्यात नसावं.

“उद्या आप्पांना ऐंशी वर्षं होतात,” शिवदास सांगू लागला. “दाजी त्यांना जीपनं घाटमाथ्यावर घेऊन जाणार आहेत. मी खालून सायकलवर जाणार. पाय न टेकता. आप्पा चाळीस वर्षं गेले तसा.”

हे खरं होतं. हरिबा पाववाले पहाटे बेकरीतून निघायचे. कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीत पाव, बटर, खारी. सूर्य वर यायच्या आत घाट चढून वरच्या पाच वाड्यांना माल पोचवायचे. सायकल साधी, गिअर वगैरे काही नाही. ‘हरिबाचा पाय घाटात टेकत नाही’ अशी आमच्या गावात म्हणच पडली होती. म्हण पाडणारे अर्थात सकाळी आठला उठायचे.

“मग जा की,” चाचा म्हणाले. “गिअरनं काय वाकडं केलंय?”

“मागच्या महिन्यात गेलो होतो. वर जाऊन आलो आणि मोठ्या हौसेनं आप्पांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.”

“काय?”

“‘रेडेवळणाला उतरलास न्हाई?’ मी म्हटलं, नाही, हलका गिअर होता ना, उतरायची गरजच पडली नाही.”

“मग?”

“मग काही नाही... तोंड फिरवून बसले. दोन दिवस धड बोलले नाहीत.”

चाचांनी फडक्याला हात पुसले.

“त्यांना ते फसवणूक वाटलं असणार,” शिवदास म्हणाला. “बरोबरच आहे त्यांचं. मी त्रेचाळीस वर्षांचा झालो, चाचा. आजवर त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही की जमलं तुला. उद्या म्हणावं. एवढंच हवंय मला.”

मी माझ्या ट्यूबकडे बघितलं.

चाचांनी विचारलं, “हरिबाला दिसतंय का आता?”

“अंधुक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण मागचा पडदा खराब झालाय... माथ्यावरून शेवटची दोन वळणं दिसतात. मी लाल शर्ट घालणार आहे.”

चाचांनी सायकल उलटी केली आणि कामाला लागले.

जुनी चकती निघाली, नवी बसली. मग त्यांनी चेन सोडली, डब्यातून दोन कड्या काढल्या आणि जोडायला घेतल्या.

“चेन कशाला वाढवताय?” शिवदास म्हणाला. “मोठी चकती बंदच ठेवायची ना? मग तिच्यापुरती लांब चेन लागतेच कशाला? मी हिशोब केलाय.”

“चुकून चढली तर?”

“बंद केल्यावर चढणारच नाही.”

“बंद केलेलं दार म्हंजे भिंत न्हवं,” चाचा म्हणाले आणि दोन्ही कड्या जोडून मोकळे झाले.

शिवदासनं ओठ आवळले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण वाद वाढला असता तर माझं पंक्चर लांबलं असतं.

मग चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. स्क्रूवर टेकवला... आणि थांबले.

“तुझ्या बापाच्या सायकलची डावी मूठ मी वर्षातनं दोनदा बदलायचो,” ते म्हणाले. “उजवी तीन-तीन वर्षं टिकायची. का?”

“डावी?”

“डावी.”

इंजिनिअर विचारात पडला. हँडल वाकडं असेल म्हणाला. चाचांनी मान हलवली. पेटीचं वजन एका बाजूला जात असेल म्हणाला. चाचांनी पुन्हा मान हलवली. डावखुरे तर नव्हते आप्पा, असं स्वतःशीच म्हणाला.

“ही सायकल घे. त्या चढावरनं जाऊन ये.”

“चालवून बघू? गिअर अजून लावलेले नाहीत.”

“चालवत न्हवं. हाताला धरून.”

शिवदासला ते पटलं नाही, पण गेला. दुकानामागं मातीचा खडा चढ आहे, तिथून वर जाऊन परत आला. येताना आपण सगळेच धरतो तशी त्यानं सायकल धरली होती. स्वतः डावीकडं, डावा हात मुठीवर, उजवा सीटवर.

“थांब,” चाचा म्हणाले. “तसाच उभा ऱ्हा. आता उजवा हात सोड.”

त्यानं सोडला. सायकलचा सगळा भार डाव्या मुठीवर आला. उजवा हात नुसताच मोकळा लोंबत राहिला, त्याचं काय करावं हे काही त्याला कळेना.

त्यानं डाव्या मुठीकडं बघितलं.

“...आप्पा उतरायचे?”

“रोज.”

“चाळीस वर्षं?”

“पावसाळ्यातबी.”

शिवदास आंब्याखाली बसला. सायकल मी धरली.

“म्हणजे त्यांनाही जमत नव्हतं,” तो हळूच म्हणाला.

चाचा पहिल्यांदाच चिडले. “जमत नव्हतं कोण म्हणलं? रेडेवळणाच्या पुढची दोन वळणं त्याहून खडी हायत. ती पेटीसकट चढायचा तो. उतरायचा फक्त तितंच.”

“तिथंच का?”

“तितनं काय दिसतं?”

“...माहीत नाही. मी पुढच्या चाकाकडं बघत होतो.”

चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर वर केला. दुकानाच्या बरोबर डोक्यावर, कड्याच्या पोटात, रेडेवळणाचा कठडा दिसत होता. रस्त्यानं ते वळण पाच किलोमीटर लांब आहे, पण सरळ बघितलं तर हाकेच्या अंतरावर. मग त्यांनी तोच हात सावकाश खाली आणला. ओढ्यापलीकडं कौलारू घरांची ओळ होती, आणि ओळीच्या टोकाला एक मोकळं अंगण.

“आमचं अंगण,” शिवदास म्हणाला.

चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर तिकडंच रोखून धरला.

“आई...” तो म्हणाला आणि थांबला. “आई रोज सकाळी चूल सोडून अंगणात यायची. हात वर करून उभी राहायची. मला वाटायचं, कावळे हाकलते.”

त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली. दहाव्याला मी गेलो होतो. हरिबा त्या दिवशी नुसते डोंगराकडं बघत बसले होते. आम्हाला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. आम्हीही त्यातलेच, आठला उठणारे.

“वरनं घंटी वाजायची,” चाचा म्हणाले. “ती कानावर आली की मी दुकान उघडायचो.”

शिवदासनं डोळे पुसले. लपवून वगैरे नाही, सरळ शर्टाच्या बाहीनं.

“आणि मी त्यांना सांगितलं, उतरायची गरजच पडली नाही.”

बकरीनं वर्तमानपत्राचा कागद खायला घेतला होता. कुणी तिला हाकललं नाही.

“चाचा, ती चकती उघडीच राहू द्या.”

“उघडीच हाय. मी कुठं हात लावलाय?”

मग चाचांनी आत जाऊन पत्र्याचा एक डबा आणला. वाल्व्हच्या टोप्या, छर्रे, गंजलेले स्पोक, आणि सगळ्यांच्या तळाशी एक जुनी घंटी. वरचं पॉलिश उडालेलं, पण वाटी शाबूत. त्यांनी ती फडक्यानं पुसली, तेलाचा थेंब टाकला आणि अंगठ्यानं एकदा दाबली.

ट्रिंग.

शिवदासनं झटकन मान वर केली. ती घंटी कुणाची, हे त्याला सांगावं लागलं नाही.

“हरिबानं सायकल भंगारात दिली तवा ही काढून माझ्याकडं टाकून गेला,” चाचा म्हणाले आणि नव्या कोऱ्या हँडलवर ती कसायला लागले.

“सायकल घेताना मला विचारलं होतं, घंटी हवी का,” शिवदास म्हणाला. “मी नको म्हटलं. वजन वाढतं.”

चाचांनी शेवटचा आटा दिला. घंटी उजव्या बाजूला बसवली होती. मोकळा हात जिथं राहतो तिथं.

शिवदास सायकल घेऊन रस्त्यापर्यंत गेला. तिथून परत वळला. माणूस हुशार असला की एक प्रश्न जास्तीचा विचारतोच.

“चाचा, उद्या उतरेन मी रेडेवळणाला. घंटीही वाजवेन. पण अंगणात आता कुणी नाही. आप्पा वर असणार, आणि तिथून त्यांना ते वळण धड दिसणारही नाही. मग वाजवायची कुणासाठी?”

चाचांनी माझी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली. बुडबुडा येतो का ते बघितलं. एकही आला नाही.

“हरिबाचे डोळे गेलेत,” ते म्हणाले. “कान शाबूत हायत.”