खारबंदरची उघडी दारं

फार वर्षांपूर्वी, खारबंदरच्या धक्क्याला शिडाची गलबतं लागायची तेव्हा, तिथे गोमा नाखवाचा शब्द चालायचा. राजा नव्हता तो, चोरट्या मालाचा धनी होता. माल उतरायचा असला की धक्क्यावरची घंटा वाजायची आणि अख्ख्या कोळीवाड्यानं दारं लावून घ्यायची. एका बाईनं फटीतून नुसतं डोकावलं, तर तिचा नवरा समुद्रावरून परत आलाच नाही. त्या घंटेनं कुत्रीसुद्धा गप्प व्हायची, असं म्हणतात.

त्याची आई चांगुणा गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. मुलाचं सोनं तिनं कधी अंगाला लावलं नाही. सुकट विकून पोट भरायची. पण तो येईल म्हणून रोज एक भाकरी जास्त थापायची, हे साऱ्या आळीला ठाऊक. गोमानं तिला बजावलं होतं, "आये, घंटा झाल्यावर माजा आवाज आला तरी कडी काढू नको. वैरी माज्या आवाजात बोलतील."

एका दिवेलागणीला घंटा वाजली. माल नव्हताच. गोमाचा साथीदार हाशा यानं ती वाजवली, म्हणजे बघायला कुणी नको. दारं लागली, आणि हाशानं धक्क्यावर गोमाच्या पोटात सुरा खुपसला.

पोट धरून गोमा गल्लीत शिरला. पाणी मागत दारं ठोठावत गेला. एका दारामागून म्हातारा बोलला, "नाखवा, तुजीच शिकवन हाय. आमी काय आयकलं नाय."

शेवटचं दार आईचं.

"आये, मी गोमा. उघड गो."

"चल, मेल्या! माजा गोमा कुनाला उघड म्हनून विनवत नाय. लोक त्याला विनवतात."

बाहेर तो हसला, असं म्हणतात. मग हळूच म्हणाला, "तुजी भाकरी करपली, आये. नेहमीसारखी."

चांगुणानं कडी काढली, तेव्हा तो उंबऱ्यावर डोकं टेकून गार झाला होता.

त्या दिवशी ओहोटी असूनही समुद्र गल्लीत चढला, उंबरा धुऊन मागं गेला. त्यानंतर त्या दाराला कडी म्हणून बसली नाही. सुतार थकले, असं म्हणतात.

गोमाला अजूनही कुणी चांगलं म्हणत नाही. पण खारबंदरात दिवेलागणीला दाराला कडी लावत नाहीत. उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या असतो, त्यावर एक करपलेली भाकरी. दार वाजलं की कोण म्हणून विचारायची रीत नाही.

आतून एवढंच म्हणायचं, "ये रे बाबा, उघडंच हाय."