फणसाने लपवलेलं मेण

झाडं बोलत असत त्या काळी ओढ्याकाठच्या एका फणसाच्या खोडात किडा शिरला. आतून सतत कुरतडल्याचा आवाज येई आणि फणस तो ऐकत राही.

रोज सकाळी सुतारपक्षी येई आणि खोडाला भोक पाडून किड्याचा माग काढी. फार दुखे. दुपारी मधमाशी येऊन त्या भोकात मेण भरी, मग ठणका थांबे. दोघांची गाठ कधी पडत नसे. एक जरी रागावून गेला तर आपलं कसं होणार, या भीतीने फणस एकाजवळ दुसऱ्याचं नाव काढत नसे.

एके सकाळी सुतारपक्षी ओरडला, "अरे, कालचं भोक गेलं कुठे? किडा तिथेच सापडला असता!"

त्याच दिवशी किड्यामुळे फणसाची शेंड्याची फांदी वाळली. दुपारी तो मधमाशीला म्हणाला, "माशीताई, उद्या सकाळीच ये."

सकाळी दोघं समोरासमोर आली.

"म्हणजे हे मेण तुझं?" सुतारपक्षी कडाडला.

"आणि भोकं तुमची होय? फणसाला केवढं दुखतं त्यांनी! मला वाटलं, कुणी वैरीच आहे!"

आता दोघंही जाणार, असं फणसाला वाटलं. पण सुतारपक्ष्याने खोडाला कान लावला आणि त्याचा आवाज उतरला. "किडा गाभ्याजवळ पोचलाय."

"मग कुठलं भोक उघडं ठेवू, तेवढं सांगा, दादा."

"हे एक. बाकीची भर. फणसाला इतकं दुखतं, हे मला ठाऊकच नव्हतं."

आत कुरतडणं चालूच होतं. पण आता ते तिघं मिळून ऐकत होती.