माठातली आजेसासू

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात एक कुंभारीण राहायची. भागू तिचं नाव. तिला एक लेक होती, चिमणी. नुकती भिंत धरून उभी राहायला लागलेली. घरात भागूची सासू, तिला ती आत्याबाई म्हणायची. कुंभार गेला होता मडकी घेऊन लांबच्या बाजाराला. आणि कोपऱ्यात होता एक जुना माठ, आत्याबाईंच्या सासूच्या हातचा. गळका होता, पण कुणाला टाकवत नव्हता. मैना, पाय पांघरुणात घे गं, गोष्ट कुठं पळून जात नाही.

मग चिमणीला लागली हगवण. दुपटी धुऊन धुऊन भागूचे हात पांढरे पडले. ती लेकीला पाणी पाजायला गेली, तर आत्याबाईंनी वाटीच काढून घेतली.

"अगं, चिखल पातळ झाला तर आपण काय करतो? पाणी बंद करतो. मग तो आपोआप आळतो. तसंच हे."

आत्याबाई काही दुष्ट नव्हत्या, बरं का. नातीवर फार जीव त्यांचा. पण उभा जन्म मातीत गेलेला, सगळं जग त्यांना मातीसारखंच दिसायचं.

मग दुपार कलली. पोरीचे ओठ सुकले, डोळे खोल गेले. ती रडायची, पण डोळ्यांत टिपूस नाही. कोरडं रडणं ते! भागूच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ती माठाला टेकून रडायला लागली.

तोच माठ बोलला, "नातसुने, माती फार वाळली तर काय होतं गं?"

भागू दचकली. म्हणाली, "तडा जातो."

"मग बसलीस काय? आधी हात धू. उकळून गार केलेलं पाणी घे तांब्याभर."

भागूनं पाणी उकळलं, गार केलं. तेवढ्यात आत्याबाई आल्या. दृष्ट काढायला मुठीत मीठ-मोहऱ्या. पोरीवरून ओवाळून आता चुलीत टाकणार, तर माठ गरजला, "सूनबाई! मीठ चुलीच्या पोटात कशाला? पोरीच्या पोटात जाऊ दे!"

इतक्या वर्षांनी सासूचा आवाज! आत्याबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. हळूच म्हणाल्या, "किती घालू, सासूबाई?"

"डब्यातलं चांगलं घे, तीन बोटांची चिमूट. आसवांहून खारट नको."

भागूनं ओठावर ओघळलेलं आसू चाखलं, मग पाणी चाखलं. नाही, जास्त नव्हतं झालं.

मग माठ म्हणाला, "आता मूठभर साखर."

आता आली का पंचाईत! साखर होती, पण गौरीच्या नैवेद्याला राखून ठेवलेली. आत्याबाई घुटमळल्या.

"अगं वेडे, तुझी गौर ती बघ, मांडीवर मलूल पडलीय!"

आत्याबाईंनी डबा उघडला.

"आता चमच्याचमच्यानं पाजत राहा. ओकली तर जरा थांबा, पुन्हा द्या. अंगावरचं दूध तोडू नका. आणि गाडी जुंपायला सांगा, वैद्याला दाखवलंच पाहिजे. वाटेतही चमचा थांबवायचा नाही."

मग शेजाऱ्यानं गाडी जुंपली. आत्याबाईही शेजारी बसल्या. गाडी चालली खडखड, भागू पाजत चालली. एक चमचा, मग एक चमचा. चिमणी ओकली. थोडं थांबून पुन्हा चमचा. नदी मागं पडली, आमराई मागं पडली. वैद्याचं घर दिसायला लागलं आणि गाडी अशी उसळली की चमचा सांडला. चिमणीनं भोकाड पसरलं. आणि काय सांगू बाळांनो, तिच्या गालावरून एक टपोरा थेंब घरंगळला!

आत्याबाईंनी तो बोटावर टिपला, जिभेला लावला. "खारट आहे गं भागू, खारट आहे!" असं म्हणत त्या हसायलाच लागल्या. पोर रडतेय आणि आजी हसतेय. गाडीवाल्याला वाटलं, म्हातारीला वेड लागलं.

वैद्यानं पोरीला तपासलं. म्हणाला, "वेळेवर पाणी पाजलंत. असंच पाजत राहा." दोन-चार दिवसांत चिमणी पुन्हा भिंत धरून उभी राहिली.

माठ पुढं कधी बोलला नाही. पण आत्याबाई रोज सकाळी तो काठोकाठ भरायच्या. भागू म्हणायची, "आत्याबाई, गळतोय तो." त्या म्हणायच्या, "गळतोय म्हणूनच तर भरायचा."

मग कुंभार बाजारातून आला, गौरी आल्या, नैवेद्याला नवी साखर आली. सगळे सुखानं राहिले, तसे तुम्हीही राहा. पाणी प्यायलात ना? मग मिटा डोळे.